रस्त्यापलीकडचा तास

ट्यूबा सिटीत रात्रीचे अकरा बावीस.
लायब्ररी सहालाच बंद झाली, पण तिचं वाय-फाय
भिंतीतून झिरपतं, पार्किंगच्या तिसऱ्या खांबापर्यंत.
तिथे माझा पिकअप, हीटर बंद, पेट्रोल पाव टाकी,
आणि शेजारी माझी बहीण शांदीन:
मांडीवर शाळेचा लॅपटॉप, अंगात माझं गॅरेजचं जाकीट,
दातांत नख.

मुदत आज. अकरा एकोणसाठ.

अर्ज तिसऱ्या पानावर अडलाय.
घर क्रमांक. रस्त्याचं नाव. शेजारी लाल चांदणी, म्हणजे सक्तीचं.
आमच्या घराला क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही.
ती लिहिते: पाण्याच्या टाकीपासून डावीकडे,
गुरं अडवायची दुसरी जाळी ओलांडली की
निळं छप्पर, मोडकं ट्रॅम्पोलिन.
अवैध.
टपालपेटीचा नंबर घालते. अवैध.
"आपण राहतो तरी कुठे, डेल्विन?"
खरोखर माहिती हवी असल्यासारखी विचारते.

मी म्हणतो, दवाखान्याचा टाक. आई तिथेच जास्त असते.
(आई तिथल्या लाँड्रीत, रात्रपाळीला.
दर दहा मिनिटांनी एकच मेसेज: झालं?)
दवाखाना अर्जाला पटतो.

मग निबंध. साडेसहाशे शब्दांत,
तुम्ही कोणत्या अडचणीवर मात केलीत?
ऑल्डरसन बाई म्हणाल्या होत्या, पाण्याचं लिही,
वीस मैलांवरून ड्रम भरून आणता ते.
वाचणारे हेलावतात.
तिनं लिहिलं. काल पुसून टाकलं.
"पाणी आणणं ही अडचण नाही," म्हणाली,
"तो शनिवार आहे."
आता तिथे शाळेच्या बसमध्ये चढलेला एक बोकड आहे
आणि दोनशे शब्द कमी आहेत.

अकरा एक्कावन्न. 'पाठवत आहे' म्हणत एक चाक फिरतं.
चाकं मला कळतात. बेअरिंग गेलं की ओरडतात.
हे ओरडत नाही.

माझाही एक अर्ज आहे कुठेतरी,
सात वर्षं अर्धवट. पासवर्ड विसरलोय.
उघडला तर अजून म्हणेल बहुतेक,
पुन्हा स्वागत, आता एकच पान बाकी.
शांदीनला हे माहीत नाही.
तिला वाटतं मला इंजिनं आवडतात.
आवडतातच.

बारा.
लायब्ररीचं यंत्र आपोआप झोपतं. जोडणी तुटली.
ती रडत नाही. लॅपटॉप मिटते, सावकाश,
तापानं झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार ओढून घ्यावं तसा.

आणि तेव्हा मला ते आठवतं
जे आम्हाला इतकं माहीत आहे की सुचतच नाही:
हायवेपलीकडे, मोएनकोपीत, आत्ता अकरा वाजलेत.
आम्ही नवाहो उन्हाळ्यात घड्याळ पुढे ढकलतो,
ते येत्या रविवारपर्यंत तसंच.
होपी ढकलत नाहीत. फिनिक्सही नाही.
कॉलेज फिनिक्सचं.

दाताच्या डॉक्टरकडे, सामन्यांना, मामाच्या लग्नालासुद्धा
आम्ही जन्मभर तासभर लवकर, नाहीतर उशिरा.
या तासानं कधी कुणाचं भलं केलं नव्हतं.

पलीकडच्या पंपावर लोमायेस्वा काका पेंगत होते.
पासवर्ड सांगितला, दोनदा, कारण तिचे हात थरथरत होते.
वर म्हणाले, कॉफी घ्या, शिळी आहे, पैसे नकोत.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
फ्रीजचा आवाज. चाक. फ्रीजचा आवाज.

पावतीवर वेळ अकरा एक्केचाळीस.
आईच्या घड्याळात उद्या लागून
एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

परतताना हायवे ओलांडला
आणि डॅशबोर्डवरच्या फोननं मुकाट्यानं तास गिळला.
शांदीन बोलली ती थेट जाळीपाशी, चाकं खडखडल्यावर:
"त्यांनी पत्र पाठवलं तर दवाखान्यात जाईल ना?
लाँड्रीत?"
हो.
"आई धुऊन टाकेल."